सव्वातीन-एकोणीस

आमच्या वस्तीत पहिली फटफटी आणली ती माझ्या नवऱ्यानं. मंगरूळपीरला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. लग्नाला चार वर्षं झाली होती. तो ग्रामसेवक, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. लिहिताना त्याला 'तो' म्हणते आहे, तोंडावर कधी म्हटलं नाही. दोघांचेही बाप मजुरी करणारे. छप्पन सालानंतर दोघांच्याही घरातले जुने देव गेले आणि पाटी-पेन्सिल आली, आणि त्या पाटीच्या जोरावर आम्ही दोघं पगाराला लागलो.

गाडी जुनी होती, एका ठेकेदाराकडची. काळी आणि इतकी जड की पावसाळ्यात अंगणात उभी केली तर तिचा स्टँड रुतायचा. ती आली त्या संध्याकाळी वस्तीतल्या बाया येऊन सीटवरून हात फिरवून गेल्या. शेजारचा म्हातारा किती तरी वेळ तिच्याभोवती फिरला आणि मग त्यानं विचारलं, "काहून रे बापू, हे चालू केल्यावर बसाचं का बसल्यावर चालू कराचं?" सगळे हसले. नवराही हसला. तो तसा हसलेला मी फार वेळा पाहिलेला नाही.

माझी शाळा इंझोरीला होती आणि त्याच्याकडची गावंही त्याच बाजूची. त्याआधी मी एस.टी.नं जायची. सकाळची एकच गाडी सोयीची होती; ती भरलेली असली की थांबत नसे, आणि रिकामी असण्याचा प्रसंग मला आठवत नाही. आता तो मला शाळेच्या दारात सोडून पुढं जायचा आणि संध्याकाळी घ्यायला यायचा.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की हिचा नवरा मूर्ख होता. तो मूर्ख नव्हता. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात त्याच्याकडच्या एका गावात दोन माणसांनी त्याला वेशीपाशी अडवलं आणि गाडी बंद करून ढकलत न्यायला सांगितलं. ढोरं बुजतात म्हणे. त्याच गल्लीतून त्यांच्या घरचा पोरगा आपली फटफटी उडवत जायचा तेव्हा ढोरं बुजत नव्हती. नवऱ्यानं गाडी ढकलत नेली. एवढी जड गाडी, चिखलातून, ग्रामपंचायतीपर्यंत. घरी आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मी पाणी दिलं, त्यानं हात धुतले आणि ताटावर न बसता तो गाडी पुसत बसला. त्या दिवसापासून ती गाडी नुसती जायची-यायची वस्तू राहिली नाही.

वर्षभरात मागचा टायर घोटून गुळगुळीत झाला. दर आठवड्याला पंक्चर. दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक मिस्त्री होता, पन्नाशीचा, टायर-ट्यूबचं काम करायचा. दुकान म्हणजे चार टिनपत्रे, एक हवा भरायचा पंप आणि पाण्याचं लोखंडी टोपलं. त्याला सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणायची. तिसऱ्या पंक्चरला नवरा पंचायत समितीत गेला आणि मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. चाचानं चाक काढून ठेवलं होतं. टायरच्या कडेला उठावदार आकडे होते, मातीनं भरलेले. मी विचारलं, "चाचा, हे काय लिहिलं आहे?"

त्यानं अंगठ्यानं माती काढली. "वाचा की. तुमी तं मास्तरीण."

तीन पॉइंट पंचवीस, मग आडवी रेघ, मग एकोणीस.

"पहिला आकडा टायरच्या पोटाचा," तो म्हणाला. "किती रुंद हाय ते. सव्वातीन इंच. दुसरा आकडा रिमचा. रिम या काठापासून त्या काठापर्यंत एकोणीस इंच. हा दुसरा आकडा म्हणजे पत्थर की लकीर. एकोणीसच्या रिमवर अठराचा टायर चढनार नाई, लाख डोकं आपटा. पहिल्या आकड्यात थोडं इकडंतिकडं चालते. लोक म्हणूनच त्यात फसतात."

"फसतात म्हणजे?"

"चढते ना तो! चढला म्हनजे बसला असं वाटते लोकायले. चढनं अलग, बसनं अलग." मग त्यानं मला बाकीचंही दाखवलं. टायरवर बाण असतो, चाक फिरतं त्या दिशेला तो हवा. पुढच्या टायरच्या रेघा लांब आणि सरळ असतात, मागच्याच्या ठोकळ्या-ठोकळ्यांच्या, कारण पुढचा वळतो आणि मागचा ढकलतो. आत कापडाचे थर किती आहेत तेही लिहिलेलं असतं, आणि दोन माणसं बसणार असतील तर ते आधी पाहायचं. चाचाला नाव लिहिण्यापुरतं उर्दू येत होतं आणि इंग्रजी आकडे. तेवढ्यावर तो जे सांगत होता ते मला ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षांत कोणी इतकं साफ सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत दशांश अपूर्णांक त्या टायरवरून शिकवले. पोरांना तीन पूर्णांक पंचवीस शतांश म्हटलं की झोप यायची. सव्वातीन इंचाचा टायर म्हटल्यावर सगळा वर्ग शाळेच्या दारातल्या गाडीपाशी पट्टी घेऊन धावला. शेवटचा तास होता, नवरा मला घ्यायला नुकताच आला होता. त्यालाही मजा वाटली. त्यानं गाडी धरून ठेवली आणि पोरांना मोजू दिलं.

पण सव्वातीन-एकोणीस मिळेना. त्या काळात नवीन टायर मिळणं सोपं नव्हतं. चाचानं अकोल्याच्या एका दुकानात नाव लिहून ठेवलं होतं, आज येतो, उद्या येतो, असं दोन महिने चाललं. दरम्यान नवऱ्याला दोनदा पायी यावं लागलं. एकदा ज्या गावात त्याला गाडी ढकलायला लावली होती, नेमकं तिथंच चाक बसलं. तिथली माणसं ओट्यावर बसून पाहत राहिली. त्या रात्री तो म्हणाला, "आता कोनता का असेना, टायर टाकतो."

पुढच्या रविवारी तो कुठून तरी टायर घेऊन आला. लिलावातला माल होता, लष्कराच्या गाडीचा असावा. वापरलेला, पण ठोकळे चांगले उभे होते. रुंद आणि काळा. त्यानं तो अंगणात उभा केला आणि दोन पावलं मागं जाऊन पाहिला. मी आकडे वाचले. चार, रेघ, एकोणीस.

"हा चारचा आहे," मी म्हटलं. "आपला सव्वातीनचा."

"चारचा म्हनजे जास्त मजबूत."

मी वही आणली. पाठटाचणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर गणित मांडलं. चाचानं सांगितलं होतं की टायर जितका रुंद तितकाच साधारण उंचही असतो. म्हणजे एकोणिसात दोन्ही बाजूंचे सव्वातीन मिळवले की साडेपंचवीस. चारचा टायर घेतला की सत्तावीस. चाक दीड इंचानं मोठं होणार, म्हणजे वरच्या बाजूला पाऊण इंच. आपल्या मडगार्डखाली तेवढी जागा आहे का ते पाहू. त्यानं वही हातात घेतली, पाहिली आणि परत दिली.

"मिस्त्री पाहीन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही चाचाकडं गेलो. दुकानात तीन-चार माणसं होती, एकाच्या सायकलचं काम चालू होतं, बाकीची नुसती बसलेली. चाचानं टायर फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. "साहेब, हा नाई चालनार. रिमवर चढन, पण वरून घासन. मडगार्डाचा बोल्ट पाहा, आत केवढा निघाला हाय."

"घासनार नाई. मोठा टायर रस्ता धरते."

मग मी बोलले. मला गप्प बसता आलं असतं. पण माझं गणित बरोबर होतं आणि मी गणिताची मास्तरीण होते. मी म्हटलं, "दीड इंच मोठा आहे. मी काल हिशेब करून दाखवला ना तुमाले. दोघं बसलो की टेकणार."

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून दिसतं. राग म्हणता येणार नाही. त्या वेशीपाशी गाडी बंद करतानाचा चेहरा मी पाहिला नव्हता, पण तो असाच असणार.

"तुले काय समजते त्यातलं?" तो म्हणाला. "इथं काय शाळा भरली का?"

बसलेली माणसं हसली. एक जण म्हणाला, "मास्तरीणबाई, टायरले किती मार्क देता मंग?" पुन्हा हसले. माझे कान तापले. मी ओढणीसारखा पदर खांद्यावरून पुढं घेतला आणि बाहेर रस्त्याकडं पाहत राहिले.

चाचा हसला नव्हता. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मग नवऱ्याला म्हणाला, "बाई बराबर म्हनून राह्यल्या साहेब."

"तुमाले बसवाचा नसन तं सांगा. गावात दुसरे मिस्त्री हायेत."

चाचानं सायकल बाजूला सारली. मग त्यानं लोखंडी टामी उचलली आणि टायर चढवायला घेतला. मडगार्डाच्या पट्ट्या ढिल्या करून तो जेवढा वर नेता येईल तेवढा नेला. आतला बोल्ट काढून उलटा घातला, म्हणजे टोक बाहेर राहील. चेनगार्ड थोडा ठोकून बाहेर वाकवला. मग नवऱ्याला सीटवर बसायला सांगून त्यानं मडगार्डात बोटं घातली. दोन बोटं गेली. मला बसायला सांगितलं. एक बोट, तेही घासून.

"आठ-पंधरा दिवस," चाचा म्हणाला. "हळू चालवा, खड्ड्यात दोघं नका बसू. सव्वातीनचा आला की हा काढून टाकू. मंजूर?"

"मंजूर," नवरा म्हणाला.

दहा-बारा दिवसांनी टायर आला. मी बाजारातून येत होते, चाचानं हाक मारली आणि दाखवला. कोरा, वर कागदाची पट्टी गुंडाळलेली. मी आकडे वाचले आणि मला खरोखर आनंद झाला. घरी येऊन सांगितलं.

"पाहू," तो म्हणाला.

रविवारी म्हटलं. "पाहू." पुढच्या रविवारी म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "चांगला चालून राह्यला ना? कायले मागं लागली?" चांगला चालत होता हे खरंच होतं. तो एकटा असायचा तेव्हा चालायचा. त्या रुंद टायरमुळं गाडी मागून थोडी उचलल्यासारखी दिसायची आणि गावात लोक थांबून पाहायचे. पंक्चर एकदाही झालं नव्हतं. पण मी मागं बसले की खड्ड्यात खर्रकन आवाज यायचा आणि जळक्या रबराचा वास.

"तू बसली की घासते," तो म्हणाला. "पैले नव्हतं असं. जाड झाली तू."

मी जाड झाले नव्हते. तरी मी दोन दिवस रात्रीची भाकरी कमी खाल्ली. हे लिहिताना लाज वाटते. दीड इंचाचा हिशेब ज्या बाईनं स्वतः मांडला होता, ती एक भाकरी कमी खाऊन तो इंच भरून काढायला निघाली होती. चढावर मी उतरून चालायची. उताराला पुन्हा बसायची. रोज बसायची. लोक मला पुढं विचारत की माहीत होतं तर बसलीस कशाला. शाळा अकराला भरायची आणि एस.टी. थांबत नव्हती, हे उत्तर मी देत असे. ते पूर्ण उत्तर नाही. मी त्याच्या मागं बसणं सोडलं असतं तर वस्तीत सगळ्यांनी विचारलं असतं का म्हणून, आणि मला ते सांगावं लागलं असतं.

चाचानं दोनदा निरोप पाठवला. टायरला गिऱ्हाईक येत होतं, तो परत पाठवत होता.

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. दुपारचे बारा वाजत आले असतील. तूर फुलावर आली होती. इंझोरीतून निघून आम्ही मुख्य रस्त्याला लागलो. मी पिशवी मांडीवर धरली होती, तिच्यात तपासायच्या वह्या. तो पंचायतीतल्या कुणाबद्दल काहीतरी सांगत होता, वाक्य अर्धं झालं होतं. खर्र आवाज आला, या वेळी लांबलचक, आणि मग बंदुकीसारखा बार. गाडीचं मागचं अंग एकदम खाली बसलं आणि शेपटीसारखं हललं. मला रस्ता जवळ येताना दिसला. मी उजवा हात पुढं केला.

वह्या रस्त्याभर पसरल्या. आधी तेच दिसलं. मग हात दिसला, दंडापाशी जिकडं वळू नये तिकडं वळलेला. तो उठून माझ्याकडं धावत आला, त्याचे गुडघे फुटले होते, पँट फाटली होती. तो माझं नाव घेऊन ओरडत होता. कापूस घेऊन चाललेल्या एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला गाडीत घेतलं. त्या कापसावर मी आडवी पडले होते आणि माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तो रडत होता. हेही सांगायला पाहिजे.

हात प्लास्टरमध्ये गेला. दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी चाचा आला. डोक्यावरची टोपी हातात घेऊन कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. त्यानं आधी टायर पाहिला होता, गाडी त्याच्याच दुकानी नेऊन टाकली होती.

"बाजूनं कापला गेला होता," तो म्हणाला. "एका जागी. कापड दिसेपर्यंत." मग थांबून म्हणाला, "बाई, मी बसवला तो. मी नाई म्हनाले पायजे होतं. साहेब दुसरीकडं गेले असते तं जाऊ द्याले पायजे होतं. माझ्या हातानं झालं."

खोलीत माझा दीर होता, सासू होती, शाळेतले दोन मास्तर होते. नवरा खिडकीशी उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता तो बोलेल. निदान एवढं तरी म्हणेल की नाही चाचा, तुम्ही सांगितलं होतं.

तो म्हणाला, "आता बोलून काय फायदा? हात गेला ना तिचा."

चाचा मान खाली घालून निघून गेला. दार लागायच्या आत दीर म्हणाला, "सोताच कबूल झाला पाहा." नवऱ्यानं त्याला थांबवलं नाही. संध्याकाळी भेटायला आलेल्यांना सासू सांगत होती की मिस्त्रीनं चुकीचा टायर घातला. आठ दिवसांत नवरा स्वतःच तसं सांगू लागला. आधी चाचरत, मग सरळ. त्याची कहाणी दर वेळी थोडी गुळगुळीत होत गेली. महिन्याभरात तिच्यात असं आलं की त्याला सव्वातीनचाच पाहिजे होता, मिस्त्रीनंच त्याच्या गळ्यात चारचा मारला.

मी ऐकत होते. प्लास्टरमध्ये सहा आठवडे मी ऐकत होते. त्या दिवसांत तो माझी वेणी घालायचा. त्याला येत नसे, तीन पेडांचे कधी दोन व्हायचे, पण रोज घालायचा. घास भरवायचा. रात्री हात ठणकला की उशी बदलून द्यायचा. लग्नानंतर इतका जवळ तो कधी आला नव्हता. आणि मला वाटायचं, मी तोंड उघडलं तर हे सगळं थांबेल. एक माणूस माझी वेणी घालतो म्हणून मी दुसऱ्या माणसाचं नाव बुडू दिलं. याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

ग्रामसेवकाचा शब्द गावोगाव जातो. दाखल्यांसाठी, बियाण्यासाठी लोक त्याच्याकडं येतात, बसतात, आणि तो बोलतो. ज्यांच्या घरी मोटारसायकली होत्या ती माणसं दुसऱ्या मिस्त्रीकडं जायला लागली. त्यात चाचा मुसलमान, त्यामुळं ऐकणाऱ्यांना फार पटवावं लागलं नाही. ज्यांनी माझ्या नवऱ्याला वेशीपाशी अडवलं होतं तेही आता त्याच्यापाशी येऊन हळहळत होते. त्याला ते बरं वाटत असावं.

प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण वाकडं. हात खांद्याच्या वर जाईना. शाळेत रुजू व्हायच्या आधी मी एकटी दर्ग्याकडच्या रस्त्याला गेले. चाचा सायकलची ट्यूब टोपल्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. दुकानात एकही मोटारसायकल नव्हती. बसलेली माणसंही नव्हती.

"चाचा," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा ट्यूबकडं. "हात कसा हाय?"

"वर जात नाही. चाचा, मी काही बोलले नाही. मला बोलायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या बाई. मी तेच ऐकायला गेले होते, हे मला तिथं उभी राहिल्यावर कळलं.

"हो, पायजे होतं," तो म्हणाला. "तुमचे मालक गावोगाव सांगून राह्यले. मी माझी चूक तुमच्या कॉटपाशी येऊन बोललो. तुमी मास्तरीण हा. तुमी एक शब्द बोलल्या असत्या तं लोकायनं ऐकलं असतं. मी बोललो तं मिस्त्री सोताले वाचवून राह्यला, असं म्हनतात." त्यानं ट्यूबचं भोक बोटानं दाबून धरलं. "आता काहून आल्या?"

 त्यानं मला बसा म्हटलं नाही. मी घरी आले.

ते मनात राहिलं आणि शेवटी ते चुकीच्या वेळी बाहेर पडलं. वस्तीत एका मुलीचं लग्न ठरलं होतं, तिच्या घरी पुरुष-बाया जमले होते. चहा झाला. पाहुण्यांपैकी कुणीतरी माझ्या हाताचं विचारलं आणि नवऱ्यानं कहाणी सुरू केली. 'मिस्त्रीनं गळ्यात मारला' इथपर्यंत तो आला तेव्हा मी म्हटलं, "टायर यांनी आणला. मिस्त्री नको म्हणत होता. मीही नको म्हणत होते. बरोबर मापाचा टायर मिस्त्रीच्या दुकानात महिनाभर पडून होता, हे आणायला गेले नाहीत."

मी ओरडले नाही. वर्गात बोलते तसंच बोलले.  माझ्या वडिलांच्या वयाचा एक माणूस, वस्तीत त्याला मान होता, म्हणाला, "बाई, नवरा-बायकोचं घरी बोलावं. पाव्हन्यांसमोर कायले?" आणि बाया पुन्हा कप गोळा करायला लागल्या. तेवढंच झालं. कुणी नवऱ्याला विचारलं नाही की हे खरं का. खरं असावं असं सगळ्यांना वाटलं असणार, म्हणूनच विचारलं नाही.

चाचापर्यंत माझं बोलणं गेलं की नाही मला माहीत नाही. गेलं असलं तरी उपयोग नव्हता. त्याच महिन्यात त्यानं टिनपत्रे काढले आणि कारंजाला मुलीकडं गेला. त्या जागेवर पानठेला आला.

नवरा माझ्याशी दीड महिना बोलला नाही. मग गरजेपुरतं बोलू लागला. वेणी मी एका हातानं घालायला शिकले. त्यानं गाडी दुरुस्त करून घेतली, दुसऱ्या दुकानात. टायर सव्वातीन-एकोणीसच घातला. दुकानदाराला त्यानं आकडे बरोबर सांगितले, मी शेजारी उभी होते. माझ्याकडं न पाहता सांगितले, पण बरोबर सांगितले.

मी बदलीचा अर्ज केला. कारण म्हणून हात लिहिला आणि शाळेच्या जवळ राहायला मिळेल असं गाव मागितलं. किन्हीराजा मिळालं. तिथं एका मास्तरांच्या घरातली मागची खोली घेतली. आठवडाभर तिथं राहायचं आणि शनिवारी मंगरूळपीरला यायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी सांगितलं आणि तो काही बोलला नाही. शाळेत फळ्याच्या खालच्या अर्ध्याच भागावर मी लिहायची. मुख्याध्यापकांनी हाताचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, गाडीवरून पडले. त्यांनी विचारलं, कशी? मी म्हटलं, टायर फुटला. त्याहून जास्त मी तिथंही सांगितलं नाही.

पहिल्या शनिवारी शाळा सुटली तर तो दारात गाडी घेऊन उभा. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. मागच्या सीटवर त्यानं घडी घालून चादर टाकली होती.

"चाल," तो म्हणाला.

"तुमी या. मी एस.टी.नं येते."

"काहून?"

मी थांब्याकडं चालू लागले. तो गाडी बंद न करता माझ्या मागं मागं हळू आला, थांब्यापर्यंत. एस.टी. आली, मी चढले. पुढची कितीतरी वर्षं, दोन मुलं झाल्यावरही, असंच चाललं. दर शनिवारी तो यायचा, मी एस.टी.त बसायची आणि तो फटफटीवर तिच्या मागून एकटा यायचा. कंडक्टर लोक चेष्टा करायचे. मागच्या काचेतून धुळीत त्याचं डोकं दिसायचं. कधी मी वळून पाहायची, कधी पाहायची नाही.